सणांविषयी बोलताना : तोंडी परीक्षा आणि वनजिल्ह्यांतील विद्यार्थी

‘तुमचा आवडता सण कोणता?’ भाषेच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न जवळजवळ सर्व देशांत विचारला जातो. फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तो पुण्यामुंबईत विचारतात, इंग्लंडमधील सोळा वर्षांच्या मुलांनाही विचारतात; आणि चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातील दहावीच्या वर्गात मराठी, हिंदी व इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलामुलींसमोरही तोच येतो. प्रश्न सोपा समजला जातो. सण कोणाला ठाऊक नाही? पण अनुभवी शिक्षकांना विचारले तर ते सांगतील की, याच प्रश्नावर अनेक मुले अडतात. पहिली चार वाक्ये धडाधड येतात. ‘दिवाळी हा दिव्यांचा सण आहे. दिवाळी आश्विन महिन्यात येते. आम्ही नवे कपडे घालतो. मला दिवाळी फार आवडते.’ त्यानंतर परीक्षक सहज विचारतात, ‘मग यंदा तुमच्याकडे काय केलेत?’ आणि खोलीत शांतता पसरते.

ही शांतता म्हणजे अज्ञान नव्हे. ज्या मुलाने बैलाच्या शिंगांना स्वतःच्या हाताने रंग लावला, रात्रभर मंडईतले नाटक पाहिले, आजीबरोबर मोहफुले वेचली, त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र ते ज्या भाषेत त्याच्याजवळ आहे, ती परीक्षेची भाषा नाही. आणि परीक्षेच्या भाषेत त्याला जे पाठ करून दिले, ते त्याचे नाही. वनजिल्ह्यांतील शिक्षकांना तोंडी परीक्षेची तयारी करून घ्यायची ती या दोहोंमधील अंतर ओळखूनच.

वीस गुणांचा प्रश्न

महाराष्ट्र राज्य माध्यमिक मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे शाळास्तरावरील अंतर्गत मूल्यमापन अशी पद्धत दीर्घकाळ रूढ होती. शाळा सढळ हाताने गुण देतात, अशा तक्रारींमुळे २०१८-१९ या वर्षी ते २० गुण काढून घेण्यात आले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. त्याच्या आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. घसरणीची कारणे एकाहून अधिक होती, तरी तोंडी परीक्षेचे गुण गेले हे त्यांपैकी एक ठळक कारण मानले गेले आणि २०१९-२० पासून ते मूल्यमापन पुन्हा सुरू करण्यात आले.

या घडामोडीची चर्चा बहुधा गुणांच्या अंगाने झाली. बोलण्याच्या अंगाने ती फारशी झाली नाही. मूल प्रत्यक्ष बोलले की नाही हे न पाहता वीसपैकी अठरा गुण लिहिले गेले, तर निकालपत्रक शोभिवंत होते, परंतु तोंडी परीक्षा घेण्याचा हेतू तेथेच संपतो. पुढे महाविद्यालयातील मुलाखत, बँकेतील खिडकी, तहसील कार्यालयातील टेबल किंवा भरतीची मुलाखत समोर आली म्हणजे ती उणीव उघड होते, आणि तेव्हा मदतीला शिक्षक नसतात.

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या वर असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के आहे. भाषांचा विचार केला तर या दोन जिल्ह्यांइतकी विविधता राज्यात क्वचितच आढळेल. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर झाडीबोली, धानोरा-एटापल्लीकडे गोंडी, भामरागडच्या डोंगरांत माडिया, कोरची-कुरखेड्याच्या सीमेवर छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू आणि मुलचेरा-चामोर्शी भागातील निर्वासित वसाहतींत बंगाली. देशभरात गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या त्याच जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार होती. शाळेच्या हजेरीपटावर या सर्व मुलांची ‘प्रथम भाषा’ मराठी असते. व्यवहारात मात्र त्यांच्यातील पुष्कळांना मराठी ही शाळेत येऊन शिकावी लागलेली दुसरी भाषा आहे, हिंदी तिसरी आणि इंग्रजी चौथी. पुण्यातील एखादा विद्यार्थी फ्रेंचच्या तोंडी परीक्षेला ज्या धास्तीने बसतो, जवळपास त्याच धास्तीने माडिया घरातील मूल मराठीच्या तोंडी परीक्षेला बसते. फरक एवढाच की, फ्रेंच शिकणाऱ्याला ‘ही परकी भाषा आहे, चुकणारच’ अशी सवलत सर्वजण मनातून देतात. माडिया मुलाला ती मिळत नाही.

फ्रेंच परीक्षेची रचना

परकी भाषा म्हणून फ्रेंचची परीक्षा कशी घेतात, हे पाहणे म्हणूनच उपयोगी ठरते. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची ‘डेल्फ’ ही प्रमाणपत्र परीक्षा १९८५ पासून घेतली जाते. युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक समान चौकटीतील पायऱ्यांशी ती आता जोडलेली आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशा चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यास शंभरांपैकी ५० गुण लागतात; परंतु कोणत्याही एका भागात पाचांहून कमी गुण मिळाले तर उमेदवार अनुत्तीर्ण ठरतो. लेखी परीक्षेत कितीही उत्तम लिहिले तरी तोंड उघडलेच नाही, तर प्रमाणपत्र नाही, असा त्याचा अर्थ.

या परीक्षेच्या दुसऱ्या पायरीवरील तोंडी भाग सहा ते आठ मिनिटांचा असतो आणि त्यापूर्वी उमेदवाराला दहा मिनिटे तयारीस मिळतात. बोलण्याचे तीन तुकडे पाडलेले असतात. प्रथम स्वतःची ओळख व परीक्षकांच्या साध्या प्रश्नांची उत्तरे. मग दोन चिठ्ठ्या उचलून त्यांतील एका विषयावर सुमारे दोन मिनिटे एकट्याने बोलणे. घर, मित्र, सुटी, सण असे ते विषय असतात. शेवटी परीक्षकांबरोबर एखादा प्रसंग उभा करून दोघांनी संवाद करणे, उदाहरणार्थ वाढदिवसाच्या मेजवानीची आखणी. इंग्लंडमधील शालान्त परीक्षेच्या फ्रेंच विषयात चालीरीती आणि सण यांना स्वतंत्र स्थान दिले गेले आहे, आणि तेथे छायाचित्र दाखवून त्यावर बोलावयास लावण्याची पद्धत आहे.

या रचनेतील लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, पाठांतराला जागा पहिल्या तुकड्यापुरतीच आहे. एकट्याने बोलून झाल्यावर परीक्षक प्रश्न विचारतात, आणि तिसऱ्या तुकड्यात तर उमेदवाराने स्वतःच विचारावे, सुचवावे, नाकारावे, मान्य करावे अशी अपेक्षा असते. शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार यांचे गुण असतात. पण सांगायचे ते पोहोचले का, हा प्रश्न आधीचा. क्रियापदाचे रूप चुकले म्हणून सारे संभाषण बाद होत नाही. आपल्याकडे तोंडी परीक्षेत पुष्कळदा नेमके उलट घडते. मूल काय सांगते आहे याकडे लक्ष जाण्यापूर्वीच ‘पाणी म्हण, पानी नव्हे’ अशी दुरुस्ती होते. झाडीबोलीत ‘ण’ चा ‘न’ आणि ‘ळ’ चा बहुधा ‘र’ होतो. पोळ्यावर बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच शब्दाला अडवले, तर पोळा तेथेच संपला.

फ्रेंच मुलांच्या सणांविषयी दोन शब्द सांगावयास हवेत, कारण फ्रेंच घेणाऱ्या विद्यार्थ्याला ते माहीत असावे लागतात. १४ जुलै हा त्यांचा राष्ट्रीय दिन. १७८९ मध्ये पॅरिसच्या बास्तीय तुरुंगावर जनता चालून गेली त्या घटनेशी तो निगडित असून १८८० च्या कायद्याने तो राष्ट्रीय सण ठरला. सहा जानेवारीच्या सुमारास एक गोल पोळीसारखा केक कापतात. त्यात एक लहानसा मणी किंवा बाहुली दडवलेली असते. घरातील सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसून कोणता तुकडा कोणाला द्यायचा ते सांगते आणि ज्याच्या वाट्याला ती वस्तू येते तो त्या दिवसाचा राजा. ल्यों शहरात ८ डिसेंबरला खिडक्याखिडक्यांत दिवे लावण्याची प्रथा १८५२ पासून आहे. मांतों या गावी लिंबांचा व संत्र्यांचा उत्सव १९३४ पासून भरतो. ही यादी लांबविण्यात अर्थ नाही. ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच की, परीक्षकाला या सणांची माहिती विद्यार्थ्याहून जास्त असते. तो ती ऐकण्यासाठी बसलेला नसतो. ‘आमच्याकडेही दिवे लावतात, पण ते ओट्यावर, आणि ते मातीचे असतात’ असे एक तुलनेचे वाक्य विद्यार्थ्याने स्वतःच्या बळावर म्हटले की, त्याला हवे ते मिळते.

आपला सण, परक्याला सांगण्याजोगा

तेव्हा तयारीचा आरंभ पाठ्यपुस्तकातील दिवाळीपासून न करता मुलाच्या गावातील सणापासून करावा. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा सणांची वाण नाही. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा भरते आणि मराठवाड्यातून, तेलंगणातून भक्त पायी येतात. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला जत्रा असते. चिमूरची घोडायात्रा आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरनंतर लगेच १६ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूर येथे दीक्षा सोहळा केला, त्याच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी मोठा जनसमुदाय जमतो. सिरोंच्यातील तेलुगू घरांत बतुकम्माची फुले रचली जातात. मुलचेऱ्याकडे दुर्गापूजेचे मंडप उभे राहतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार व दंडार आणि रात्री नाटक. वडसा-देसाईगंज हे या नाटक मंडळ्यांचे केंद्र. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

गोंड व माडिया गावांत सणाला ‘पंडुम’ म्हणतात. मोह, आंबा, नवे धान, कोणतेही नवे पीक किंवा वनफळ असो, त्याचा पंडुम झाल्याशिवाय ते खावयाचे नाही असा दंडक आहे. पेरणीपूर्वी बियाण्यांचा विज्जा पंडुम होतो. त्या त्या दिवशी गाव एकत्र येते, देवाला नवे अर्पण होते, ढोल वाजतो आणि रात्री रेला नृत्य रंगते. कच्चे फळ अकाली तोडले जाऊ नये, बियाणे सर्वांनी एका वेळी काढावे, असा निसर्गाशी जुळलेला विचार त्यामागे सहज दिसतो. अकरावी-बारावीच्या पर्यावरण विषयात जे पुस्तकातून शिकवावे लागते, ते या मुलांनी सणातून पाहिलेले असते.

गंमत अशी की, पंडुमच्या दिवशी वर्ग ओस पडतो हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असते. जिल्हाधिकारी दरवर्षी स्थानिक सुट्या जाहीर करतात, परंतु प्रत्येक गावचा पंडुम त्यांत बसणे शक्य नाही. त्याची तारीख गाव ठरवते. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा होतात आणि दुसऱ्या दिवशी ‘काल कुठे होतास?’ हा प्रश्न रागाने विचारला जातो. हाच प्रश्न कुतूहलाने विचारला, तर तोंडी परीक्षेच्या तयारीचा तो वर्षातील सर्वांत चांगला तास ठरेल. मुलाजवळ कालची ताजी गोष्ट आहे, शिक्षकाला ती खरोखरीच ठाऊक नाही, आणि संभाषणाला याहून अधिक काय हवे?

पोळ्याचे उदाहरण

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून पोळा घेऊ. श्रावण अमावास्येला येणारा हा सण दोन्ही जिल्ह्यांतील बहुतेक मुलांना परिचित आहे. धानाची रोवणी आटोपलेली असते, बांधीत चिखल तुडवून बैल थकलेले असतात. आदल्या दिवशी त्यांचे खांदे हळद-तुपाने चोळतात. पोळ्याच्या दिवशी न्हाऊ घालून शिंगे रंगवतात, बेगड लावतात, नवी वेसण, घुंगुरमाळा, झूल, बाशिंग. दारापुढे पळसाच्या फांद्या ठेवतात. सायंकाळी तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या म्हटल्या जातात, तोरण तुटते आणि बैल घरोघर पूजेला जातात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुले लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात आणि बोजारा मिळवतात.

पहिल्या दिवशी मुलांनी हे सारे घरच्या भाषेत सांगावे. गोंडीत सांगणारे गोंडीत सांगोत, झाडीबोलीत सांगणारे तीत. शिक्षकाला भाषा येत नसल्यास वर्गातील दुसरे मूल दुभाष्या होते, आणि दुभाषी होणे हाही बोलण्याचाच सराव आहे. यात वेळ वाया जातो, अशी शंका काहींना येईल. परंतु काय सांगायचे हे एकदा मनात रचले गेले म्हणजे परक्या भाषेत फक्त शब्द शोधावे लागतात. दोन्ही ओझी एकाच वेळी उचलावी लागली की मूल गप्प बसते. बालकांच्या शिक्षणाचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे, असे शिक्षणहक्क अधिनियम, २००९ मध्ये म्हटले आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा सुरू केली, ती याच जाणिवेतून. प्रत्येक गावाला तसे करता येणार नाही, पण तोंडी तयारीचा पहिला तास घरच्या भाषेत घेण्यास कोणत्याही शाळेला अडचण नाही.

दुसऱ्या दिवशी मराठीत, किंवा हिंदी-इंग्रजीची तयारी असेल तर त्या भाषेत, तीन काळांची तीन वाक्ये घ्यावीत. ‘दरवर्षी आम्ही बैलांना न्हाऊ घालतो. गेल्या वर्षी आमचा बैल आजारी होता, म्हणून आम्ही तोरणाला गेलो नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः शिंगे रंगवणार आहे.’ फ्रेंचच्या शिक्षकांचा हा जुना उपाय आहे. परीक्षकाला वर्तमान, भूत आणि भविष्य ही तिन्ही रूपे ऐकावयाची असतात, आणि सण हा विषय त्यासाठी जणू घडवलेला आहे. तो दरवर्षी येतो, गेल्या वर्षी होऊन गेला आणि पुन्हा येणार आहे. या तिन्ही वाक्यांना एकेक ‘कारण’ जोडले की बोलण्यात मत येते. ‘मला पोळा आवडतो’ हे मत नव्हे. ‘मला पोळा आवडतो, कारण त्या दिवशी बाबा बैलांना कामाला लावत नाहीत आणि आम्हालाही नाही’ हे मत आहे, आणि ते ऐकून परीक्षक हसतीलही.

येथे एक व्याकरणाची अडचण सांगितली पाहिजे, कारण ती न कळल्याने पुष्कळ मुले विनाकारण ‘कच्ची’ ठरतात. मराठीत तीन लिंगे आहेत, फ्रेंचमध्ये दोन. मराठीत ‘सण’ पुल्लिंगी, तर फ्रेंचमधील ‘फॅत’ हा शब्द स्त्रीलिंगी. गोंडीतही दोनच वर्ग आहेत, पण त्यांची वाटणी निराळी आहे: पुरुष एका वर्गात आणि बाकी बहुतेक सारे, स्त्रिया, जनावरे, झाडे, वस्तू, दुसऱ्या वर्गात. म्हणजे गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या मनात बैल, गाय आणि पळस यांच्या क्रियापदाचे रूप एकच असते. तो ‘बैल आली’ म्हणाला, तर ती बेपर्वाई नसून त्याच्या भाषेचा नियम तो मराठीत पाळत असतो. शिक्षकाला हे माहीत असेल, तर तो रागावण्याऐवजी बैल-गाय-वासरू अशा जोड्या लावून चार दिवस सराव घेईल, आणि चूक ओसरेल.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि तोच बहुधा वगळला जातो. तो म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचा सराव. दोन विद्यार्थी समोरासमोर बसावेत. एकाने पोळ्याविषयी दोन वाक्ये बोलावीत. दुसऱ्याने त्याच दोन वाक्यांतून प्रश्न काढावा. पुस्तकातील प्रश्न चालणार नाही. हा संवाद साधारण असा होतो :

‘आमच्या गावात पोळा भरतो. आम्ही बैल सजवतो.’

‘कोण सजवतं?’

‘माझे आजोबा आणि मी.’

‘तू काय करतोस?’

‘मी शिंगांना रंग लावतो. आजोबा बाशिंग बांधतात.’

‘तू का नाही बांधत?’

‘बैल मला बांधू देत नाही. तो आजोबांचंच ऐकतो.’

हे शेवटचे वाक्य कोणत्याही निबंधमालेत सापडणार नाही. ते प्रश्नामुळे निघाले. असे एक वाक्य निघाले की मुलाची भीती अर्धी सरते, कारण समोरच्या माणसाला आपल्याकडून काहीतरी नवे कळले, हे त्याला दिसते.

शब्द अडला तर काय करावे, याचाही सराव हवा. ‘बाशिंग’ ला इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये काय म्हणतात, हे शोधण्यात मूल गुंतले की बोलणे थांबते. त्याने ‘बाशिंग’ असेच म्हणावे आणि पुढे जोडावे, ‘बैलाच्या कपाळावर बांधतात, कागदाचं आणि रंगीत असतं.’ पंडुम, रेला, दंडार, झडती या शब्दांचेही तसेच. फ्रेंच परीक्षेतही आपल्या देशातील सणाचे नाव तसेच ठेवून त्याचे स्पष्टीकरण देणे हे कौशल्याचे लक्षण समजतात. शिवाय ‘मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?’ हे वाक्य त्या त्या भाषेत प्रत्येक मुलाच्या जिभेवर असले पाहिजे. ते म्हटल्याने गुण जात नाहीत. गप्प राहिल्याने जातात.

परीक्षकांसाठी

तोंडी परीक्षा घेणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळणे इष्ट आहे. सणावर प्रश्न विचारताना प्रत्येक मूल दिवाळीच साजरी करते असे गृहीत धरू नये. ‘तुमच्याकडे वर्षातला मोठा दिवस कोणता?’ असा प्रश्न बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती, गोंड, बंगाली अशा सर्वच मुलांना सारखाच जवळचा वाटतो. घरी यंदा दुःखाचा प्रसंग घडला असेल तर सण झालेला नसतो. मुलाने ‘यंदा केला नाही’ म्हटल्यावर ‘का?’ असा आग्रह न धरता गेल्या वर्षाकडे वळावे. पंडुमातील काही विधी गावाबाहेरच्यांना सांगण्याचे नसतात. मूल तेथे थांबले तर ते शब्द अडल्यामुळे नव्हे, संकोचामुळे थांबले आहे, हे ओळखून नाच, गाणी, जेवण यांकडे संभाषण न्यावे. मोहाचा उल्लेख आला की डोळा मिचकावून दारूविषयी विचारण्याची सवय काही जाणत्यांनाही असते. त्या एका हसण्याने वर्षभराची तयारी पाण्यात जाते, आणि मूल पुढे आपल्या सणाचे नावही काढत नाही.

गुण देताना उच्चार आणि आशय यांचे रकाने वेगळे ठेवावेत. मुलाने किती प्रश्नांना स्वतःच्या शब्दांत उत्तर दिले, स्वतः एखादा प्रश्न विचारला का, कारण सांगितले का, एवढ्या नोंदी जरी कागदावर झाल्या, तरी सढळ गुणांचा आक्षेप आपोआप बोथट होईल. एका मुलाला पाच मिनिटे दिली, तर चाळीसांच्या वर्गाला साडेतीन तासही लागत नाहीत. दोन दिवसांत हे काम होते.

पंचायतीचा वाटा

ग्रामपंचायत सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समिती यांना यात करण्यासारखे आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. मूल शिक्षकासमोर बोलते, कारण शिक्षक ओळखीचे असतात. परीक्षेत त्याला अडचण अनोळखी माणसाची असते. आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत महिन्यातून एकदा गावातील एखादी व्यक्ती, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, वनरक्षक, बचत गटाच्या अध्यक्षा किंवा मंडईच्या नाटकात काम करणारा नट, ‘अनोळखी परीक्षक’ म्हणून बसली आणि मुलांनी तिला आपला सण सांगितला, तर ती अडचण सरावाने सुटते. बदलून आलेल्या ग्रामसेवकाला तर गावचा पंडुम खरोखरीच ठाऊक नसतो. नटांना बोलावण्यात आणखी एक लाभ आहे. मागच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोहोचवावा आणि वाक्य कोठे तोडावे, हे त्यांच्याइतके कोणाला कळते? झाडीपट्टीचा नट रात्रभर हजारो प्रेक्षकांपुढे उभा राहतो.

वडीलधाऱ्यांचाही उपयोग करून घ्यावा. पोळ्याच्या झडत्या, रेलाची गाणी, मंडईतील दंडार यांची जाण आजी-आजोबांपाशी आहे. मुलांनी त्यांना विचारून यावे, ‘तुमच्या लहानपणी पोळा कसा होता? आता काय बदलले?’ आणि शाळेत येऊन ते परीक्षेच्या भाषेत सांगावे. ‘पूर्वी’ आणि ‘आता’ यांची तुलना हा फ्रेंचच्या वरच्या पायरीवरील तोंडी परीक्षेतही हमखास येणारा भाग आहे. ट्रॅक्टर आल्यामुळे गावातील बैलजोड्या कमी झाल्या, काही गावांत तोरणाखाली मोजक्याच जोड्या उभ्या राहतात, ही गोष्ट आजोबा सांगतील आणि नातू ती इंग्रजीत चार वाक्यांत मांडील. त्या चार वाक्यांत एखादे क्रियापद चुकेल. त्यावर परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारावा : ‘मग तुमच्या घरी अजून बैल आहेत का?’